गाडी रिकामी धाडू नका

म्हातारं माणूस घरात पडलं की आपल्याकडे त्याला काय झालं हे आधी विचारत नाहीत. आधी फोन लावतात. मग गल्ली जमते, कोणी पाणी आणतं, कोणी कांदा हुंगवतं, कोणी सुरतेला मुलाला कळवतं. आणि ते माणूस फरशीवर पडल्या पडल्या सांगत असतं, "अरे, मला फक्त उठवा रे." त्याचं तेवढं सोडून सगळ्यांचं ऐकलं जातं.

संपादकांनी 'रुग्णवाहिकेवरच्या गमतीजमती' लिहायला सांगितल्या. गमती आहेत. एका आजोबांनी आम्हाला बोलावलं, कारण सून टीव्हीचा आवाज कमी करत नव्हती आणि त्यामुळे त्यांचं बीपी वाढत होतं. बीपी खरंच वाढलेलं होतं. टीव्ही बंद केल्यावर उतरलं. असल्या गमती लिहायच्या म्हणून बसले, पण पहिल्याच पानावर राग वर आला. तो खाली जाईना. मी मुळात फटकळ बाई, धुळ्याची. तेव्हा जे वर आलं आहे तेच लिहिते.

मी बरीच वर्षं सरकारी रुग्णवाहिकेवर डॉक्टर होते. पारोळा, एरंडोल, मधला महामार्ग आणि आजूबाजूची गावं हा माझा पट्टा. गाडीत माणसं दोनच, एक डॉक्टर आणि एक चालक. आमच्या खात्यात चालकाला पायलट म्हणतात. माझे पायलट सुभाषभाऊ एरंडोलचे. त्यांना तो शब्द आवडत नसे. म्हणायचे, "मॅडम, रस्त्यात इतके खड्डे आहेत की विमान असतं तर बरं झालं असतं."

काम साधं आहे. फोन येतो, गाडी निघते, रुग्णाला तपासायचं, सावरायचं आणि दवाखान्यात पोचवायचं. अपघात, बाळंतपण, साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, अशा वेळी यापेक्षा चांगलं काही नाही. काही दिवस मी बदलीवर सावद्याला होते. तिथे केळीच्या बागेत एक मुरलीधरआबा घामाने थबथबून बसले होते आणि म्हणत होते, "मले काही झालं नाही, गॅस हाये." तो गॅस नव्हता. मी त्यांचं एक अक्षर न ऐकता त्यांना गाडीत घातलं, आणि ते वाचले. म्हणजे न्यायचं त्याला न्यायलाच हवं, यावर माझं दुमत नाही.

पण म्हाताऱ्या माणसांचे फोन बहुतेक वेळा तसे नसतात. पाय घसरून बसली, उठता येईना. लघवीची नळी तुंबली. उन्हात फिरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. चार दिवस पोट साफ नाही. बीपीच्या गोळ्या दोनदा घेतल्या. यातलं पुष्कळसं घरी, त्याच खाटेवर बसून निस्तरता येतं. नीट तपासायचं, जे करायचं ते करायचं, घरच्यांना कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगायचं, गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन करून 'उद्या एक चक्कर मारा' म्हणायचं. झालं. पण आमच्या कामात हा रस्ताच नव्हता. दोनच दारं होती. एक तर दवाखान्यात न्या, नाहीतर 'रुग्णाने यायला नकार दिला' म्हणून नातेवाइकाची सही घ्या. म्हणजे बरा होऊन जो घरी राहिला, तो आमच्या लेखी नकार देणारा हट्टी माणूस.

आणि सही कोण देणार? मुलगा. कुठला मुलगा चारचौघांत लिहून देईल, की माझ्या आईला नेऊ नका?

पारोळ्याच्या पलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. तिथल्या यमुनाअक्कांच्या घरून फोन आला तो कानबाईच्या दिवशी. श्रावणातल्या त्या रविवारी आमच्या खानदेशात घराघरांत कानबाई ही देवी बसते आणि तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, रोटांसाठी, अख्खी भाऊबंदकी एका घरात जमते. सुरतेला गेलेले, नाशिकला गेलेले, भांडून वेगळे झालेले, सगळे. अक्कांचा थोरला मुलगा भगवान सुरतेहून आला होता. धाकटा गोकुळ गावातच, आईजवळ राहायचा, कपाशी करायचा.

अक्का ऐंशीच्या आसपासच्या. पहाटेपासून उपाशी, चुलीसमोर. उपास होता, पण बीपीची गोळी मात्र नेमाने घेतलेली. ती गोळी लघवीवाटे पाणी काढते. पोटात अन्न नाही, अंगात पाणी नाही, समोर जाळ. उठताना चक्कर आली आणि त्या खाली बसल्या, कोपर खरचटलं. एवढंच.

मी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. खुबा धड, डोकं आपटलेलं नाही, हृदयाची पट्टी काढली ती ठीक, साखर ठीक. बीपी उतरलेलं होतं. मीठ-साखरेचं पाणी दिलं, पाय उंच करून पडून राहायला सांगितलं, थोड्या वेळाने केळं खायला दिलं. बीपी वर आलं. अक्का उठून बसल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "माले काय धाड भरनी? चक्कर ऊनी, गयी. रोट तशाच पडेल शेतस. तुम्ही चहा पी ल्या नि जा."

अंगणात, ओट्यावर, जिन्यावर माणसंच माणसं. भगवान पुढे आला. "मॅडम, दवाखानामा लई चला." घेऊन चला म्हणे.

मी म्हटलं, "गरज नाही. ती गोळी दोन दिवस बंद ठेवा, सिस्टरना दाखवा, आज चुलीपासून लांब बसवा."

"बठ्ठी भाऊबंदकी आठे बसेल शे मॅडम. मायले घर ठेवी ते लोके तोंडमा शेन घालतीन." म्हणजे सगळे इथे जमलेले असताना आईला घरी ठेवलं तर लोक तोंडात शेण घालतील.

"अहो, पण अक्का काय म्हणताहेत?"

"तिले काय समजस?"

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ते माझ्या कानाला चटका देतं. आयुष्यभर जिने घर चालवलं, त्या घराचे रोट आजही जिच्या हातचे, तिला चक्कर आली की तिला काही समजेनासं होतं!

तेवढ्यात अक्कांची नणंद, सखूबाई, कोपऱ्यातून कडाडली, "गाडी रिकामी धाडू नका रे! रिकामी गयी ते परत येस, नि कोन्हाले तरी लईच जास!"

हा आमच्या गावांतला नवा शास्त्रार्थ. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. ती रीत लोकांनी रुग्णवाहिकेला लावून टाकली आहे. दारात आलेली ही गाडी रिकामी गेली तर अपशकुन. मग ती परत येते ती मढं न्यायलाच. हसू येतं ना? मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण त्या वाक्यानंतर अंगणातला एकही माणूस 'राहू द्या' म्हणायला तयार झाला नाही. गोकुळ काही बोलणार होता. थोरल्याकडे पाहून मागे सरला.

सही मिळाली नाही. नियमाप्रमाणे आम्ही नेलं.

अक्का गाडीपर्यंत स्वतःच्या पायांनी आल्या. आधी आत जाऊन कानबाईला हात जोडून आल्या. गाडीची पायरी उंच असते, सुभाषभाऊंनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. आत बसल्यावर मला म्हणाल्या, "सांजले मांघे आनी देशात ना?" संध्याकाळी परत आणून सोडाल ना? हेही लोकांना माहीत नसतं. आमची गाडी नेते. परत आणत नाही.

दवाखान्याचंही नाव लिहीत नाही. एकाचं लिहिलं तर बाकीचे सुटतील. शहरातला मोठा दवाखाना. 'वय आहे, ठेवून घेऊ' म्हणाले. ठेवून घेतलं.

काही दिवसांनी दुसरा रुग्ण सोडायला गेले तेव्हा आत डोकावले. अक्का खाटेवर. खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे. लघवीला नळी. आजार म्हणून नाही, संडासापर्यंत धरून न्यायला माणूस नाही म्हणून. घरच्यांपैकी एकालाच आत सोडतात, तो सोबतीला आलेला पुतण्या बाहेर फोनवर. चष्मा गावीच राहिलेला. दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने कठड्याला बांधलेले. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणा भलत्याच बाईचं नाव घेऊन शिवी दिली.

मी सिस्टरवर ओरडले. ती बिचारी ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, एवढ्या वॉर्डाला आम्ही दोघी. रात्रीपासून आजी उठून पळायला बघतात, घरी जायचं म्हणतात. उठल्या आणि पडल्या तर उत्तर कोण देणार? तुम्ही?" तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. ज्यांचं चुकलं होतं ते वॉर्डात कधी येत नाहीत. मी पट्ट्या सोडल्या. माझ्या मागे पुन्हा बांधल्या असणार.

नवीन जागा, आवाज, चष्मा नाही, झोप नाही, ओळखीचं तोंड नाही, असं झालं की म्हातारं माणूस भांबावतं. त्याला वेड लागलेलं नसतं. पण तसं कोणी समजून घेत नाही. झोपेचं इंजेक्शन देतात. मग ते माणूस पडून राहतं. म्हाताऱ्या मांड्या थोडे दिवस जरी अंथरुणात राहिल्या तरी विसरतात. पाठीला जखमा होतात. आपण चक्करेवर औषध करायला नेतो आणि चालणं काढून घेऊन परत पाठवतो. अक्का गावी परतल्या त्या भाड्याच्या जीपमध्ये, मागच्या सीटवर आडव्या.

आणि बघा, अख्खी भाऊबंदकी त्यांना भेटून गेली. बिस्किटांचे पुडे, शहाळी. भगवानचं नाव झालं. मुलाने काही कमी केलं नाही, असं गाव म्हणालं.

त्यानंतर उन्हाळ्यात त्याच गावातून पुन्हा फोन. या वेळी अक्कांचे धाकटे दीर, नाना. शेजारचंच घर, मधली भिंत एकच. नाना भरताची वांगी करायचे, मळ्यातून टोपली घेऊन येताना पायरीवर घसरले होते. आम्ही पोचलो तर नाना ओट्यावर बसलेले आणि दोन्ही हातांनी, दुखऱ्या हातानेसुद्धा, ओट्याचा खांब धरलेला. त्यांना खांबापासून सोडवायला चारजण लागलेले.

"माले नई जानं," नाना ओरडत होते. "वहिनी पायेसवर गयी नि खाटवर ऊनी! माले बठ्ठं दिखेल शे!"

अंगणात तीच माणसं, तीच सखूबाई. मी त्या चौघांना बाजूला केलं आणि नानांच्या शेजारी ओट्यावर बसले. म्हटलं, "नाना, तुम्हाला कोणी नेत नाही. खांब सोडा, हात बघू द्या."

मनगट सुजलं होतं, पण हाड मोडल्यासारखं लागत नव्हतं. डोक्याला मार नाही, रक्त पातळ व्हायची गोळी नाही, शुद्ध कधी गेली नव्हती, चालून दाखवा म्हटल्यावर तुरुतुरु चालून दाखवलं. मनगट हलू नये म्हणून खपाची बांधली. उपकेंद्राच्या सिस्टरला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "मी सकाळी येते आणि एक्स-रेला कधी न्यायचं ते बघते." गल्लीतल्या आशाताईला बोलावून घेतलं. नानांच्या सुनेला समोर बसवलं आणि सांगितलं, उलटी झाली, गुंगी आली, डोकं फार दुखायला लागलं, बोटं निळी पडली तर लगेच फोन कर, मी येते. तिने सगळं माझ्यापुढे एकदा म्हणून दाखवलं. शहाणी पोरगी.

नकाराची सही मी मागितली ती नानांकडे. नाना म्हणाले, "आन हाई, कोठे करू?" आणि डाव्या हाताने केली. आपल्या देहाबद्दल आपणच सही करायची, हे अंगणातल्या कुणालाच पटलं नाही.

आणि मग सखूबाई गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "गाडी रिकामी जावाले नको! मांघे बी मी सांगेल व्हतं!"

माझा पारा चढला. मी तोंड उघडणार, तोच सुभाषभाऊंनी मला डोळ्यांनी थांबवलं. ते गेले, पायरीजवळची वांग्यांची टोपली उचलली, गाडीत चढले, ती स्ट्रेचरवर ठेवली आणि रुग्णाला बांधतात तसा पट्टा तिच्यावरून नीट आवळला. खाली उतरून सखूबाईला म्हणाले, "बघ माय, भरेल शे ना आते?"

सखूबाईने आत वाकून पाहिलं. टोपलीवर हात ठेवला. बाजूला झाली. "आते जा," म्हणाली.

त्या दिवशी वाटेत मी खूप दिवसांनी मनापासून हसले. वांगी आम्ही पारोळ्याला दोघांत वाटून घेतली.

हसू एकच दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी वरून बोलावणं. तिथे एवढा वेळ का थांबलात? रुग्णाला नेलं का नाही? एवढे फोन का केले? साहेब तरुण होते, वाईट नव्हते. म्हणाले, "मॅडम, समजा त्यांना रात्री काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, "तर तुम्ही मला विचारलं असतंत. बरोबर आहे, विचारायलाच हवं. पण यमुनाअक्कांना झालं, तेव्हा कुणाला विचारलंत?"

"कोण यमुनाअक्का?"

त्यांचं खरं होतं. त्यांच्याकडे त्या केसचं काहीच चुकलेलं नव्हतं. फोन आला, गाडी वेळेत पोचली, रुग्ण दवाखान्यात दाखल. सगळं उत्तम. मला लेखी खुलासा द्यावा लागला. नानांचं मनगट पावसाळ्याआधी बरं झालं आणि ते मळ्यात जायला लागले. त्याबद्दल मला कोणी काही लिहायला सांगितलं नाही.

मला राग कशाचा येतो, ते सांगते. एका सिस्टरचा फोन, एक आशाताई, एक शहाणी सून, एवढ्यात जे झालं त्यासाठी कुणी मोठं संशोधन करायची गरज नाही. गावात माणसं आहेत. फक्त 'घरी राहू दिलं' हाही उपचार आहे असं वरच्यांनी म्हणायला हवं, आणि 'घरी ठेवलं' म्हणजे टाकून दिलं नव्हे, असं खालच्यांनी मानायला हवं. दोन्हीकडे कुणाला घाई नाही. म्हातारी माणसं तोपर्यंत थांबतील, असं सगळ्यांना वाटतं.

शेवटचं सांगते.

त्याच पावसाळ्यात बाजूच्या गावातला एक फोन निपटून परत येत होतो. नाना रस्त्यात उभे. हात केला. "मॅडम, वहिनीले एकदाव दखी जा."

अक्का पुढच्या खोलीत खाटेवर. कानबाई ज्या भिंतीशी बसते त्याच भिंतीशी. गोकुळची बायको मनापासून करत होती, खोली स्वच्छ, पाठीच्या जखमा भरत आलेल्या. पण अंग काडीसारखं झालेलं. मी आत गेले तसे अक्कांचे डोळे माझ्या अंगावरच्या गणवेशावर थांबले. त्यांनी माझा हात धरला. केवढा जोर होता त्या हातात!

"ऊनी का तू? चाल मग. माले मन्हा घर लई चाल."

मी म्हटलं, "अक्का, घरीच आहात तुम्ही."

"हाई मन्हं घर नई. आठे माले बांधी ठेवतस. सांजले लई जासू म्हने नि कोन्ही उनंच नई."

गोकुळ दाराशी उभा होता. तो रडायला लागला. म्हणाला, "रोज हाईच म्हनस मॅडम. येनारा-जानाराले हात जोडस."

मला काय करावं कळेना. समजावून उपयोग नव्हता. मी बाहेर आले. सुभाषभाऊंना सांगितलं. त्यांनी मागचं दार उघडलं आणि स्ट्रेचर खाली घेतलं. या वेळी मी कुणाला विचारलं नाही आणि कुणाकडून सही घेतली नाही.

अक्कांना आम्ही उचललं, वजन असं नव्हतंच. गाडीत ठेवलं. त्यांचा चष्मा लावून दिला. नाना चढले, गोकुळ चढला. सुभाषभाऊंनी भोंगा लावला नाही. गाडी सावकाश गावाबाहेर काढली, मारुतीवरून नेली, मळ्याच्या वाटेने वळवली. पाठीमागची काच मी उघडी ठेवली होती. अक्का मान वळवून बघत होत्या. नाना एकेक ओळख सांगत होते. ही जिनिंगची भिंत, हा आपला बांध, ही शाळा. अक्का हं हं करत होत्या.

मग आम्ही त्याच दारात येऊन थांबलो. स्ट्रेचर उतरवलं. गोकुळच्या बायकोने काय ओळखलं कोण जाणे, ती तांब्या घेऊन पुढे आली. दूरवरून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात तसं तिने पाणी ओवाळलं आणि दाराबाहेर ओतलं. आम्ही अक्कांना आत नेऊन त्याच खाटेवर, त्याच भिंतीशी ठेवलं.

अक्कांनी भिंत पाहिली. वर आढं पाहिलं. सुनेला म्हणाल्या, "चहा ठेव वं, यासले." मग डोळे मिटले आणि त्यांचा हात माझ्या हातातून सैल झाला. झोप लागतेय असं वाटलं, मी उठायला लागले. तेव्हा डोळे न उघडताच त्या म्हणाल्या,

"भलतं दूर लई गयथात वं माय माले."